कामासाठी अंदमानला गेलात तर आधी काय? माझी ६४ हजारांची चूक



धंद्यासाठी बाहेरगावी जाणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "सर, कामासाठी एवढ्या लांब गेलो तर फिरून यायचं की नाही? फिरलो तर घरचे म्हणतात पैसे उडवले. नाही फिरलो तर म्हणतात, तिथपर्यंत जाऊन काय बघितलंस?"

माझं उत्तर सोपं आहे. फिरा. जरूर फिरा. पण क्रम चुकवू नका. हा क्रम मी स्वतः चुकवला होता, आणि तोही अंदमानात, जिथे चूक लक्षात आली तरी एसटी पकडून मागे येता येत नाही. आज तीच गोष्ट सगळ्या आकड्यांसकट सांगतो.

माझं काय चुकलं

ट्रेनिंगच्या कामात येण्याआधी माझा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा धंदा होता. एक कांडप मशीन, तीन ताई कामाला आणि महिन्याला साधारण दोनशे किलो खप. अंदमानला महाराष्ट्रातून पर्यटकांचे ग्रुप भरपूर जातात आणि त्यांना तिथेही आपल्याच चवीचं जेवण लागतं. अशा ग्रुपचं जेवण करणारे साताऱ्याकडचे एक केटरर काका सीझनमध्ये पोर्ट ब्लेअरला राहायचे. ओळखीतून फोन झाला. काका म्हणाले, "सँपल घेऊन या. चव जमली तर महिन्याला दीडशे किलो उचलतो."

दीडशे किलो! मला रात्री झोप लागली नाही.

शुक्रवारी दुपारी भेट ठरली. मी मंगळवारीच पोचलो. बायकोलाही सोबत नेलं होतं, कारण लग्नानंतर आम्ही दोघं कुठेच गेलो नव्हतो. डोक्यातला हिशेब असा : बुधवार-गुरुवार हॅवलॉक बेट फिरू (आता त्याचं नाव स्वराज द्वीप), गुरुवारी संध्याकाळी परत येऊ आणि शुक्रवारी फ्रेश होऊन मीटिंग.

बुधवारी राधानगर बीच बघितला. पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं जंगल, पाणी असं स्वच्छ की गुडघाभर पाण्यात पायाची बोटं दिसतात. बायको म्हणाली, "इथेच राहू या." तिचं म्हणणं देवाने फारच मनावर घेतलं. गुरुवारी सकाळी वारा सुटला. दुपारी धक्क्यावर गेलो तर बोटी बंद. शुक्रवारीही बंद. शनिवारी दुपारी कसेबसे पोर्ट ब्लेअरला पोचलो, तोवर काका एका ग्रुपसोबत लांब रंगतला निघून गेले होते. आणि रविवारी सकाळी आमचं परतीचं विमान.

काका फोनवर रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "भाऊ, बोट बंद होती हे खरं. पण तुम्ही स्वतः इथे येऊन वेळेत पोचला नाहीत, तर तुमचा मसाला तिकडून वेळेत कसा पोचणार? माझ्याकडे उद्या सव्वाशे माणसं जेवायला आहेत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑर्डर चेन्नईच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. ट्रिपचा खर्च झाला ६४ हजार, आणि हे पैसे मी लाल मिरचीच्या खरेदीसाठी बाजूला ठेवलेले होते. परतीच्या विमानात बायको एक शब्द बोलली नाही. सीझनला मिरची उधारीवर घ्यावी लागली.

वाईट याचं वाटतं की मला धोका माहीत होता. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर हजारावर पर्यटक अडकले होते आणि त्यांना नौदल, तटरक्षक दलाच्या जहाजांनी बाहेर काढलं होतं. ही बातमी मी वाचली होती. तरी वाटलं, आपल्या वेळी थोडंच तसं होणार आहे!

बेटावर जायच्या आधी हे लिहून घ्या

पहिली गोष्ट, सूर्य. अंदमानात घड्याळ आपलंच चालतं, पण पोर्ट ब्लेअर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ २० रेखांश आहे. एका रेखांशाला ४ मिनिटं धरली तर तिथला दिवस आपल्यापेक्षा साधारण ८० मिनिटं आधी सुरू होतो आणि आधीच संपतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. "मीटिंग चारला संपेल, मग निवांत फिरू" हा हिशेब तिथे बसत नाही. फिरायचं तर सकाळी लवकर उठा. संध्याकाळ बाजारासाठी आणि सेल्युलर जेलच्या लाइट अँड साउंड शोसाठी ठेवा.

दुसरी गोष्ट, समुद्र. काम पोर्ट ब्लेअरला असेल तर काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या बेटावर पाऊल टाकायचं नाही. आणि परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच मोकळा ठेवायचा. शहराचं सरकारी नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजय पुरम झालं आहे. कागदपत्रांवर नवं नाव दिसलं तर गोंधळू नका.

तिसरी गोष्ट, बाराटांग. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघायला लोक तिथे जातात. पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून आहे. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, कुणाला काही खायला द्यायचं नाही. पहाटे अंधारात निघायचं आणि संध्याकाळी परत. म्हणजे पूर्ण दिवस गेला. दोन मीटिंगच्या मध्ये बाराटांग घुसवू नका.

दुसऱ्या वेळी काय केलं

दोन वर्षांनी काकांना पुन्हा फोन केला. म्हटलं, "काका, यावेळी विमानतळावरून सरळ तुमच्याकडे येतो." ते हसले. म्हणाले, "या, पण ऑर्डरचं आत्ताच काही बोलत नाही."

एकटाच गेलो. पहिल्याच दिवशी सँपल दिलं. चव त्यांना आवडली, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाऊच दाखवलं. रात्रभर ओट्यावर उघडं राहिलेल्या मसाल्याचे खडे झाले होते. "हे बघा. इथली हवा अशी आहे. एक किलोचं पाकीट फोडलं की आठ दिवसांत मसाला घट्ट होतो. मी काय करू त्याचं?"

म्हटलं, दोन दिवस द्या. ते दोन दिवस मी शहरातच फिरलो. काम अर्धवट होतं म्हणून बेट सोडलं नाही, पण लॉजवर बसूनही राहिलो नाही.

सकाळी चॅथमला गेलो. छोटंसं बेट आहे, पण पुलाने शहराला जोडलेलं, त्यामुळे बोटीची भानगड नाही. तिथली सरकारी सॉ मिल १८८३ सालची, आशियातल्या सर्वांत जुन्या मिलपैकी एक. १९४२ मध्ये जपान्यांनी बॉम्ब टाकला त्याचा खड्डा अजून दाखवतात. पण मी जास्त वेळ थांबलो तो लाकूड वाळवण्याची माहिती ऐकत. ओलं लाकूड तसंच पाठवलं तर पुढे वाकतं, तडकतं. म्हणून आधी त्यातलं पाणी काढायचं आणि मगच माल बाहेर. मी मनात म्हटलं, आपण मसाला कुटतो, गार झाला की लगेच भरतो. त्यात किती ओल राहते हे कधी बघितलंय का आपण?

दुपारी अ‍ॅबरडीन बाजारात किराणा दुकानं बघत हिंडलो. तिथे मुख्य भूमीवरून येणारा बहुतेक माल जहाजाने येतो. चेन्नई समुद्रमार्गे साधारण १२०० किलोमीटर, प्रवास जवळपास तीन दिवसांचा. म्हणून दुकानदार माल घेताना आधी पॅकिंग दाबून बघतो, भाव नंतर विचारतो. एका दुकानदाराने हिंदीत समजावलं की मसाल्याची मोठी पाकिटं इथे कमी खपतात, लोक लहानच मागतात. तिथे बंगाली, तमिळ, तेलुगू असे सगळे लोक राहतात, पण बाजारात बोलायला हिंदी चालते. त्यामुळे विचारायला लाजू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉस बेट. आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बोटीने काही मिनिटांवर, शहरातून समोर दिसतं, म्हणून तेवढी सूट घेतली. इंग्रजांचं अंदमानातलं मुख्य ठाणं इथे होतं. चर्च, बेकरी, छापखाना, सगळ्या भिंती आता झाडांच्या मुळांनी आवळलेल्या. १९४१ च्या भूकंपाचा तडाखा बसला, १९४२ मध्ये जपानी आले आणि ते वैभव संपलं. आता तिथे हरणं आणि मोर फिरतात.

दुपारी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेली इमारत. सात लांब इमारती होत्या, आता तीन उरल्यात. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात. कैद्यांना जुंपायचे तो कोलू बघितला. माणसाने बैलासारखं फिरून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं. कोठडीत पाच मिनिटं एकटा उभा राहिलो. मित्रांनो, इथे मी धंद्याचा धडा वगैरे शोधला नाही. तुम्हीही शोधू नका. शांतपणे बघा आणि या.

तिसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. म्हटलं, "मसाला भरायच्या आधी नीट वाळवून, पूर्ण गार करून भरतो. जाड लॅमिनेशनचं पाऊच, आणि किलोऐवजी दोनशे ग्रॅम. तुम्ही एका वेळी एकच फोडायचं. भाव किलोमागे १८ रुपये वाढेल." काकांनी थोडा विचार केला. "४० किलो पाठवा. वेळेत आला तर पुढचं बघू."

दीडशेचे चाळीस झाले होते. पण माल वेळेत पोचला आणि पुढच्या महिन्यात काकांनी ६० मागितले. लॉजवर टीव्ही बघत बसलो असतो तर पाऊचचं उत्तर सापडलं नसतं.

पैशांचा हिशेब वेगळा ठेवा

आता थोडं कडू. पहिल्या ट्रिपचे ६४ हजार मी सगळेच धंद्याच्या वहीत लिहिले होते. हे चूक आहे. खासगी फिरण्याचा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. बायकोचं तिकीट, बीचची बोट, शॉपिंग, हे घरच्या पाकिटातून. मीटिंगसाठी लागलेले दिवस, तुमचं तिकीट, सँपलचं कुरियर, हे धंद्याच्या पाकिटातून. निघायच्या आधीच दोन पाकिटं करा.

जीएसटी नंबर असेल तर अजून एक. तिथल्या हॉटेलच्या बिलावर सीजीएसटी आणि यूटीजीएसटी लागतो. त्याचं क्रेडिट तुमच्या महाराष्ट्रातल्या नोंदणीवर मिळत नाही. म्हणून खोलीचं बजेट करसहित धरा. विमानाचं तिकीट कामाचं असेल तर मात्र बुक करतानाच आपला जीएसटी नंबर टाका आणि क्रेडिटचं आपल्या सीएंना विचारा.

आणि येताना समुद्रातलं प्रवाळ, शंख उचलून पिशवीत टाकू नका. कायद्याने बंदी आहे, विमानतळावर तपासणी होते. विनाकारण भानगड नको.

शेवटचं

तर क्रम लक्षात ठेवा. पोचल्या दिवशी काम. काम अर्धवट असेल तोवर पायी किंवा रिक्षाने जाता येईल तेवढंच फिरणं. काम संपलं की मग समुद्र. आणि परतीच्या आधी एक दिवस मोकळा. हे फक्त अंदमानलाच लागू नाही. घाटातला रस्ता बंद पडू शकतो, ट्रेन रद्द होऊ शकते. जिथे परत येणं आपल्या हातात नाही, तिथे आधी काम.

गेल्या वर्षी एका ट्रेनिंगसाठी पुन्हा अंदमानला गेलो, तेव्हा बायकोला घेऊन गेलो. दोन दिवसांचं ट्रेनिंग संपलं, तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक. तिचं तिकीट घरच्या पाकिटातून. राधानगरच्या वाळूत बसल्यावर तिने विचारलं, "आता काही राहिलं नाही ना?"

म्हटलं, "नाही. सगळं उरकून आलोय."

तुमच्या पुढच्या कामाच्या ट्रिपची तारीख ठरली असेल तर आजच वहीत दोन रकाने करा, एक कामाचा आणि एक फिरण्याचा. कामाचा रकाना आधी भरा. भेटू पुढच्या व्हिडिओत.