बिनतारी चित्र : लॅपटॉपपासून दूरचित्रवाणी संचापर्यंत

आज पुष्कळ प्राथमिक शाळांतील एखाद्या वर्गाच्या भिंतीवर दूरचित्रवाणी संच टांगलेला आढळतो. कोठे तो गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून आलेला असतो, तर कोठे शासकीय योजनेतून. शिक्षकाजवळ लॅपटॉपही असतो. लॅपटॉपच्या पडद्यावरील चित्र तारेवाचून संचावर उमटविण्याची सोय या दोन्ही यंत्रांत बहुधा असतेच. परंतु तिचा उपयोग करू गेल्यास अनेकदा असे घडते की, मुले पडद्याकडे टक लावून बसलेली आहेत, पडद्यावर एक वर्तुळ गरगर फिरत आहे आणि तासिकेतील दहा मिनिटे तशीच निघून गेली आहेत. दुसऱ्या दिवशी संचावर पुन्हा कापड पडते ते बरेच दिवस निघत नाही. यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. चित्र कोणत्या वाटेने जाते हे ठाऊक नसले म्हणजे ते कोठे अडले हेही कळत नाही. ती वाट समजावून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ओझे किती आहे ते पाहू. सध्याच्या साधारण पडद्यावर आडव्या ओळीत १९२० व उभ्या ओळीत १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ अंश लागतात, आणि चित्र एका सेकंदात ६० वेळा नव्याने काढले जाते. हा गुणाकार सुमारे ३०० कोटींवर जातो. संचाच्या मागे जी एचडीएमआय तार जोडतात ती एवढे ओझे दर सेकंदाला सहज वाहून नेते. २००२ साली ती निघाली ती याच कामासाठी. शाळेतील साध्या वायफायच्या लहरींना मात्र ते पेलत नाही.

सबब लॅपटॉप चित्र पाठविण्यापूर्वी त्याचा संक्षेप करतो. या संक्षेपाची एच. २६४ नावाची रीत २००३ साली ठरली आणि ती आजही सर्वत्र चालते. तिचे मर्म शिक्षकांना अपरिचित नाही. वर्गातील चाळीस मुलांपैकी आज कोण गैरहजर आहे एवढेच कळविले, तरी मुख्याध्यापकांस साऱ्या वर्गाची हजेरी कळते. त्याचप्रमाणे लॅपटॉप पहिले चित्र संपूर्ण पाठवितो आणि त्यानंतर बहुतांशी जे बदलले तेवढेच कळवीत राहतो. अशा रीतीने ३०० कोटींचे ओझे ५० लाख ते २ कोटींपर्यंत खाली येते. अर्थात संक्षेप करण्यास व पलीकडे तो उलगडण्यास वेळ लागतो, म्हणून लॅपटॉपवरील बाण हलविल्यावर संचावरील बाण किंचित मागाहून हलतो. हा बिघाड नव्हे. स्थिर पानास किंवा चित्रफितीस त्याने बाध येत नाही, कारण चित्र व ध्वनी दोन्ही सारखेच मागे राहतात. मात्र संचाकडे पाहून बाण नेमका नेण्याचा यत्न केल्यास चुकामूक होते, म्हणून हात चालवितेवेळी दृष्टी लॅपटॉपवरच असावी.

आता मुख्य गोष्ट. तारेवाचून चित्र पाठविण्याच्या दोन निराळ्या रीती आहेत, आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. पाहुण्यास स्वतः सोबत करून घरापर्यंत पोहोचविणे ही एक. त्याच्या हाती पत्ता लिहिलेली चिठ्ठी देणे ही दुसरी.

पहिल्या रीतीत लॅपटॉप आपल्या पडद्यावर जे जे आहे ते सर्व स्वतः संचाकडे पाठवितो. मिराकास्ट ही या जातीची व्यवस्था २०१२ साली प्रसिद्ध झाली, आणि २०१३ च्या विंडोज ८.१ पासून ती विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. तिचा विशेष हा की, लॅपटॉप व संच एकमेकांशी थेट बोलतात. मध्ये वायफायचे खोके लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. डोंगरातील ज्या शाळेत मोबाइलला संपर्कक्षेत्र नाही, तेथेही ती चालते. इंटरनेट नसले म्हणजे बिनतारी चित्र जाणार नाही, हा समज फार पसरलेला आहे. तो निराधार आहे. अॅपलच्या यंत्रांत याच कामासाठी एअरप्ले नावाची व्यवस्था असून २०१२ पासून मॅक संगणकाचा पडदाही तिने दाखविता येतो.

दुसरी रीत चिठ्ठीची. गूगलने २०१३ साली क्रोमकास्ट नावाचे छोटे उपकरण काढले, त्याबरोबर ती प्रचारात आली. त्या उपकरणाचे उत्पादन २०२४ साली बंद झाले. परंतु ही रीत आता अनेक संचांत मुळातच बसविलेली असते. यूट्यूबवरील चित्रफितीजवळचे कास्टचे चिन्ह दाबले म्हणजे लॅपटॉप चित्र पाठवीतच नाही. तो संचाला त्या चित्रफितीचा केवळ पत्ता कळवितो, आणि संच इंटरनेटवरून ती स्वतः आणून दाखवितो. म्हणूनच एकदा चित्र सुरू झाल्यावर लॅपटॉप मिटला तरी ते चालू राहते. या रीतीत लॅपटॉप व संच एकाच वायफायवर असावे लागतात, व त्या वायफायला इंटरनेट असावे लागते.

येथे एक पोटभेद ध्यानात ठेवावा. क्रोम ब्राउझरच्या तीन ठिपक्यांच्या यादीतील कास्ट हा पर्याय निवडून एखादे साधे पान संचावर पाठविले, तर पत्ता जात नाही. लॅपटॉप त्या पानाचे चित्रच सामाईक वायफायवरून पाठवितो. चिन्ह एकच, पण वाट निराळी.

हा भेद कळला म्हणजे कोणता पाठ कोणत्या वाटेने न्यावा हे आपोआप ठरते. लॅपटॉपमध्ये साठविलेली चित्रफीत, बालभारतीच्या पुस्तकाचे पान किंवा शिक्षकाने स्वतः तयार केलेला नकाशा मिराकास्टने दाखवावा. यूट्यूबवरील फीत इंटरनेट बरे असल्यास चिठ्ठीच्या रीतीने दाखवावी. तीच फीत मिराकास्टने दाखवू गेल्यास लॅपटॉपमधील एकाच वायफायला दोन कामे पडतात, एका बाजूने फीत ओढून घ्यावयाची आणि दुसऱ्या बाजूने चित्र ढकलावयाचे. चित्र थबकत थबकत चालते ते पुष्कळदा यामुळेच. चित्रपट दाखविणाऱ्या काही व्यावसायिक सेवांचे चित्र या मार्गाने काळेच दिसते. ती त्यांनी नक्कल होऊ नये म्हणून घातलेली आडकाठी असते.

मिराकास्टची कृती थोडक्यात अशी. प्रथम रिमोटने संचावरील 'स्क्रीन मिररिंग' किंवा 'स्क्रीन शेअर' या नावाचा पर्याय उघडावा. नावे उत्पादकागणिक बदलतात. लॅपटॉपचे वायफाय सुरू असावे. ते कशाला जोडलेले नसले तरी चालते. मग विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून 'के' ही कळ दाबावी. पडद्याच्या कडेला जवळच्या संचांची यादी येते, तीतून आपला संच निवडावा. संचावर अंक उमटल्यास ते लॅपटॉपवर लिहावे. लहरी भिंतीपलीकडे जातात, म्हणून शेजारच्या वर्गाचा अथवा शाळेलगतच्या घराचा संचही यादीत दिसू शकतो. याकरिता शाळेतील संचास 'इयत्ता चौथी' असे ओळखू येणारे नाव आधीच देऊन ठेवणे बरे.

यादीत संच दिसलाच नाही, तर तीन गोष्टी पाहाव्या. संचावरील तो पर्याय उघडा आहे काय? लॅपटॉपचे वायफाय चुकून बंद तर नाही? आणि संचात मिराकास्ट आहे तरी काय? अँड्रॉइड प्रणालीच्या संचांत गूगल कास्ट असते, पण मिराकास्ट असेलच असे नाही. हे विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडून प्रत्यक्ष चालवून पाहावे. कास्टच्या रीतीत संच दिसेना, तर दोन्ही यंत्रे एकाच नावाच्या वायफायवर आहेत की नाहीत ते प्रथम पाहावे. चित्र येते पण तुटते, असे असल्यास लहरींची गर्दी हे कारण संभवते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ब्लूटूथ व इतर अनेक उपकरणे दाटी करतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तुलनेने मोकळा असतो, मात्र त्याच्या लहरी भिंतीतून कमी जातात. एकाच खोलीत ही अडचण नाही. चित्र आले आणि आवाज लॅपटॉपमधूनच निघत राहिला, तर ध्वनीच्या चिन्हावर जाऊन तेथे संचाचे नाव निवडावे.

वायफाय नसलेल्या शाळेत शिक्षक आपल्या मोबाइलचे हॉटस्पॉट उघडून लॅपटॉप व संच दोन्ही त्यावर घेतात. युक्ती चांगली आहे, पण तिचा भार शिक्षकाच्या खिशावर पडतो. सेकंदाला ५० लाख अंशांच्या वेगाची फीत अर्धा तास चालली तर एक जीबीहून अधिक डेटा खर्च होतो. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या शासकीय व्यवस्थेतील पुष्कळसे साहित्य आगाऊ उतरवून ठेवता येते, आणि बालभारतीची पुस्तकेही तशी ठेवता येतात. जेथे इंटरनेट बरे असेल तेथे ते आदल्या दिवशी उतरवून घ्यावे व वर्गात मिराकास्ट वापरावे.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा तार का जोडू नये, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर वर्गाच्या शेवटच्या रांगेत मिळते. तारेने बांधलेला लॅपटॉप संचापाशीच राहतो आणि त्याबरोबर शिक्षकही तेथेच राहतो. तार सुटली म्हणजे शिक्षकास लॅपटॉप घेऊन मागे, मुलांमध्ये, जाऊन बसता येते. मागच्या मुलाला जे दिसते तेच मग त्यालाही दिसते. १९७५-७६ साली देशातील सहा राज्यांच्या २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी होती. त्या संचासमोर बसलेल्या शिक्षकास चित्र थांबविता येत नव्हते, की एखाद्या मुलाला कळले नाही म्हणून मागे नेता येत नव्हते. आजच्या शिक्षकास ते येते. मग त्याने ते संचाजवळ उभे राहून, पुढच्या दोन रांगांकडे पाहूनच का करावे?

शेवटच्या रांगेतून पाहिल्यावर बहुधा प्रथम हेच ध्यानात येते की, अक्षरे वाचता येत नाहीत. याचा हिशेब घरी करता येतो. ४३ इंची संच १५.६ इंची लॅपटॉपच्या पावणेतीन पट असतो. म्हणून संचापासून २० फुटांवर बसलेल्या मुलाला अक्षर जेवढे दिसेल, तेवढेच ते लॅपटॉपपासून सुमारे सव्वासात फुटांवर उभ्या राहिलेल्या शिक्षकाला दिसते. लॅपटॉप टेबलावर ठेवून तितके मागे सरावे व पान वाचून पाहावे. वाचता न आल्यास संपूर्ण पान दाखविण्याचा मोह सोडून एकेक परिच्छेद मोठा करून दाखवावा. ३२ इंची संच असेल, तर हे अंतर जवळजवळ दहा फूट धरावे लागते. उन्हाचे प्रतिबिंब काचेवर पडत असेल, तर खिडकीकडील बाजूच्या मुलांची जागाही पाहून ठरवावी.

मिराकास्टने सर्वच पडदा जातो, ही सोय तशी जोखीमही आहे. शिक्षकाच्या लॅपटॉपवर विद्यार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, कोणाच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे, कोणा पालकाचा निरोप असतो. एखाद्या मुलाच्या घरची अडचण चाळीस मुलांसमोर मोठ्या अक्षरांत झळकणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. ते मूल ती वर्षभर विसरत नाही. म्हणून वर्गात जाण्यापूर्वी अशी सर्व पाने मिटवावी आणि निरोपांच्या सूचना 'डू नॉट डिस्टर्ब' लावून थांबवाव्या. याहून चांगला उपाय विंडोजच्या कळीबरोबर 'पी' दाबल्यावर सापडतो. तेथे 'डुप्लिकेट' हा पर्याय दोन्हीकडे एकच चित्र दाखवितो; 'एक्स्टेंड' निवडल्यास संच हा लॅपटॉपचा जोड पडदा बनतो. मग जे पान मुद्दाम ओढून तिकडे नेले तेवढेच मुलांना दिसते, आणि पाठाचे टिपण शिक्षकासमोर राहते. ही सवय लागण्यास दोन-चार दिवस लागतात.

वीज गेली म्हणजे लॅपटॉप चालू राहतो व संच बंद पडतो. वीज परतल्यावर जोडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, ती आपोआप होईल म्हणून थांबू नये. ज्या गावी दिवसातून अनेकदा वीज जाते, तेथे बिनतारीचा हट्ट न धरलेला बरा. साठविलेली फीत पेनड्राइव्हवर घेऊन तो संचाच्याच छिद्रात बसविला, तर लॅपटॉपची गरजच उरत नाही. कित्येक पाठांना तेवढे पुरते, आणि हे सांगण्यात कमीपणा नाही. एचडीएमआयची एक तारही कपाटात असावी. ती जोडताना संचामागील छिद्रावरचा क्रमांक पाहून घ्यावा व रिमोटने तोच क्रमांक निवडावा. आणि तार जमिनीवरून न्यावी लागलीच, तर मुले ये-जा करतात त्या दारापासून दूर, भिंतीच्या कडेने न्यावी.