कंसातला एक

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी सौभाग्यवतींचे राज्य. यंदा माळा, कपाटे, डबे सारे आटोपल्यावर त्यांची दृष्टी माझ्या टेबलाकडे वळली. "आता त्या यंत्रातलाही केर काढा," असा हुकूम सुटला. रामदासपेठेत आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या गाड्या फिरू लागल्या होत्या आणि मी घाम पुसत लॅपटॉपपुढे बसलो होतो.

केर होता खराच. फायली क्लाउडवर नेऊन ठेवणारे अ‍ॅप अडले म्हणून मी ते काढून पुन्हा बसवले होते. तेव्हापासून एकेका फोल्डरची दोन-दोन झाली. 'ओव्या' होते, तिथे 'ओव्या (1)' हा जुळा भाऊ येऊन बसला. कंसातला एक हा उपराच, असे ठरवून मी तो पुसायला निघालो. तोच इंजिनिअरिंगला असलेली आमची लेक ओरडली, "थांबा बाबा! आजीच्या ओव्या आहेत त्यात."

हात जागच्या जागी थांबला. आई गेली त्या वर्षी तिच्या जात्यावरच्या ओव्या मी टिपून घेतल्या होत्या. काही लॅपटॉपवर टंकून, काही मोबाइलवर तिच्याच आवाजात.

लेकीने मग बापाची शिकवणी घेतली. असले अ‍ॅप आपल्यापाशी एक खतावणी ठेवते: इथली कोणती फाइल म्हणजे तिथली कोणती. अ‍ॅप काढताना ती खतावणी गेली, की नवा कारकून जुन्या फोल्डरला ओळखत नाही. तो क्लाउडवरचा फोल्डर पुन्हा उतरवतो आणि नावांची टक्कर टळावी म्हणून कंसात एक घालतो. आमचे अ‍ॅप तर आईच्या आजारपणापासूनच मुकाट्याने अडलेले! म्हणून टंकलेल्या शेवटच्या ओव्या फक्त जुन्या फोल्डरात, आणि मोबाइलवरून चढलेला आवाज फक्त कंसातल्या एकात. कोणताही एक पुसला असता, तरी आई निम्मीच उरली असती.

वाचकहो, मला खरी लाज वाटली ती पुढेच. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. नवी दिसते म्हणून प्रत खरी नसते, जुनी म्हणून टाकाऊ नसते; आधी ताडून पाहावे लागते. आणि स्वतःच्या टेबलावर मी नुसते नाव पाहून निकाल देत होतो!

आम्ही मग रीतसर कामाला लागलो. आधी सिंक थांबवले, कारण इथे पुसलेले तिथेही पुसले जाते. दोन्ही फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवले. फाइलवरच्या तारखेवर विसंबलो नाही. ती पुष्कळदा उतरवून घेतल्याची असते. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' नावाची आज्ञा आहे. तिच्याकडून 'शा-256' मागितले, की फाइलचा 64 अक्षरांचा ठसा मिळतो. मजकुरातला एक अनुस्वार बदलला, तरी ठसा पार बदलतो. ठसे जुळले त्यांची एकच प्रत ठेवली. न जुळलेल्या उघडून वाचल्या. सारे एका फोल्डरात आणून, मोजून, मगच दुसरा कचरापेटीत टाकला. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी कचरापेटीतली वस्तू 30 दिवस टिकते, तेव्हा पेटी लगेच रिकामी करू नये. आणि अ‍ॅप पुन्हा बसवायची वेळ आलीच, तर आधी सारे वर चढले का ते पाहून जुना फोल्डर बाजूला हलवावा.

एका ओवीपाशी मात्र आम्ही अडलो. टंकलेल्या प्रतीत शेवटचा चरण एक, आवाजात दुसरा. लेक म्हणाली, "बाबा, यातली बरोबर कुठली?" मी दोन्ही ठेवल्या. आईने दोन दिवशी दोन तऱ्हांनी म्हटली होती. तिला दुरुस्त करणारा मी कोण?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आम्ही तो आवाज लावला. मागे कुकरची शिट्टी होती, आणि माझाच प्रश्न होता, "आई, पुन्हा एकदा म्हणतेस?" सौभाग्यवती हातातली करंजी तशीच धरून दारात उभ्या राहिल्या. केराबद्दल त्यांनी पुन्हा विचारले नाही.