झोळीत निजताना पाठ गार का पडते?

जागलीला गेल्यावर विंचूकाट्याचं भय नको म्हणून पुष्कळ जणी झाडाला झोळी बांधून निजतात. मनीषनगरच्या आमच्या गटानंही यंदा पौषात गावाकडच्या शेतात अशी पहिली रात्र काढली. अंगावर दोन गोधड्या, पाठीखाली एक, तरी पाठ गारच!

गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही. तिच्या थरांत अडकलेली हवा आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. झोळीत आपल्या वजनानं पाठीखालची गोधडी दबते, हवा निघून जाते, आणि खालून वारा लागतच राहतो.

म्हणून एक गोधडी झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला सैलसर बांधा. ती दबत नाही, ऊब टिकते. आत सहज न दबणारी फोमची चटई घाला. डोक्याला रुमाल, पायांत कोरडे मोजे, वर दवासाठी ताडपत्री. थोडं तिरपं निजलं की पाठ सरळ राहते.

झोळीखाली शेगडी मात्र कधीच नको. एक ठिणगी पुरते.

29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. अशा रात्री लेकरांना, म्हाताऱ्यांना घरातच निजवा. कोणाचं कापरं थांबत नसेल, बोलणं अडखळत असेल, तर तिला लगेच आडोशाला न्या, ओले कपडे बदला, कोरड्या गोधडीत गुंडाळा आणि दवाखाना गाठा.