नवी प्रजाती सापडते कुठे? जंगलात नव्हे, टेबलावर

वर्तमानपत्रात 'नवी प्रजाती सापडली' अशी बातमी आली की तिच्यामागची गोष्ट वाचणाऱ्याने मनाशी आधीच रचलेली असते. संशोधक घनदाट जंगलात गेला, त्याने एक ओंडका उलटला, खाली कोणी कधी न पाहिलेला किडा होता, झाले. वर 'अशा कामाला नशीब लागते' हा शेराही ठरलेला. हा समज कितीही वेळा खोडला तरी पुन्हा उगवतो, आणि रोव्ह बीटल या भुंगेऱ्यांच्या बाबतीत तर वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. वरची पंखझाकणे आखूड असल्याने यांचे बहुतेक पोट उघडे दिसते. पालापाचोळा, शेण, कुजके लाकूड, अळंबी अशा ठिकाणी ते भरपूर असतात. तिथून अजून नाव न मिळालेला रोव्ह बीटल पकडून आणणे विशेष अवघड नाही. त्याला खरोखरच नाव मिळालेले नाही हे सिद्ध करणे अवघड आहे, आणि प्रजातीचा शोध म्हणतात तो या सिद्धतेलाच.

पुरावा हवा असेल तर डार्विनचाच घ्या. 'बीगल' जहाजावरच्या सफरीत १८३२ साली त्याने अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका येथे एक रोव्ह बीटल गोळा केला. चमकदार निळसर-हिरवे डोके, करवतीसारख्या दातेरी मिशा. नजरेतून सुटावा असा हा कीटक नव्हता. तो लंडनला पोहोचला आणि तिथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या साठ्यात हरवला. पुढे अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ स्टिलियानोस चात्झिमानोलिस यांनी अभ्यासासाठी मागवलेल्या नमुन्यांत तो पुन्हा हाती लागला. 'झूकीज' या नियतकालिकात १२ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे डार्विनच्या जन्मदिनी, त्याचे वर्णन छापून आले. तो नुसती नवी प्रजाती नव्हता, त्याच्यासाठी नवा वंशही उभारावा लागला. नाव ठेवले डार्विनिलस सेडारिसी: पहिला शब्द डार्विनसाठी, दुसरा विनोदी लेखक डेव्हिड सेडारिस यांच्यासाठी, कारण काम करताना चात्झिमानोलिस त्यांची ध्वनिपुस्तके ऐकत. पकडणे आणि ओळखणे यांत १८२ वर्षे गेली. आता शोध कोणाचा म्हणायचा? डार्विनने कीटक पाहिला, पकडला, जपला. पण प्रजाती म्हणून तो २०१४ पर्यंत अस्तित्वात नव्हता. म्हणूनच शास्त्रीय नावापुढे डार्विनचे नाव लागत नाही, चात्झिमानोलिस यांचे लागते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हे उदाहरण अपवादात्मक आहे, किंवा मग ही संग्रहालयांची शुद्ध हेळसांड आहे. अपवादात्मक आहे ते १८२ वर्षांचे अंतर. अंतर असणे अपवादात्मक नाही. फोंतेन, पेरार आणि बुशे यांनी 'करंट बायॉलॉजी'त २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नमुना गोळा होण्यापासून त्याचे नवी प्रजाती म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. याला हेळसांड म्हणण्याआधी कामाचे स्वरूप पाहावे. रोव्ह बीटलच्या कुलात आजवर ६० हजारांहून अधिक प्रजातींना नावे मिळाली आहेत. हातातला नमुना नवा म्हणायचा तर त्याच्या जवळच्या सगळ्या नातलगांशी तो ताडून पाहावा लागतो, तोही मूळ नमुन्यांशी. रंग आणि आकार पुष्कळदा फसवतात. म्हणून पोटाची शेवटची वलये मऊ करून आतला नराचा जननावयव काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार तपासायचा, हा या अभ्यासातला नेहमीचा मार्ग. सह्याद्रीत मिळालेल्या रोव्ह बीटलची पहिली गाठ पडते ती माल्कम कॅमेरन यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेत १९३० ते १९३९ दरम्यान लिहिलेल्या खंडांशी, आणि त्यांचा संग्रह आहे लंडनच्या संग्रहालयात. ही सारी तुलना ओंडक्यापाशी उकिडवे बसून होत नसते!

दुसरा आक्षेप डीएनएचा. यंत्रात नमुना घातला की नाव बाहेर येते, मग जननावयव कशाला तपासायचे? डीएनए उपयोगी आहे यात वाद नाही. दिसायला सारख्या पण वेगळ्या प्रजाती त्याने वेगळ्या काढता येतात. पण डीएनए क्रम जुळवायचा तर समोर नाव माहीत असलेला क्रम हवा. शंभर वर्षांपूर्वी नावे दिलेल्या असंख्य कीटकांचे मूळ नमुने टाचणीवर वाळलेले आहेत आणि त्यांचे क्रम कोणी काढलेलेच नाहीत. अशा वेळी डीएनए एवढेच सांगतो की हा नमुना माहितीसाठ्यातल्या कशाशी जुळत नाही. तो नवा आहे की जुनाच पण साठ्यात न आलेला, याचे उत्तर त्यात नसते. शिवाय प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नाव बांधलेले असते ते एका प्रत्यक्ष नमुन्याला, म्हणजे होलोटाइपला. २००० सालापासून नव्या प्रजातीचा होलोटाइप स्पष्टपणे जाहीर करणे आणि तो कुठल्या संग्रहात राहणार ते सांगणे सक्तीचे आहे.

मग एकदोन नमुन्यांवर प्रजाती कशी ठरते? ही शंका मात्र रास्त आहे. डार्विनिलसचे वर्णन झाले तेव्हा दोनच नमुने ठाऊक होते, दुसरा अर्जेंटिनातल्याच रिओ क्वार्तोचा, बर्लिनच्या संग्रहालयातला. संहिता एका नमुन्यालाही हरकत घेत नाही. कारण प्रजातीचे वर्णन हा अंतिम निवाडा नसतो. ते पुराव्यासह मांडलेले गृहीतक असते. उद्या अधिक नमुने मिळाले आणि दोन नावे एकाच प्रजातीची निघाली, तर जुने नाव राहते आणि नवे रद्दबातल होते.

बाकीचे समज थोडक्यात. नवी प्रजाती म्हणजे नुकतीच उत्क्रांत झालेली: नाही, ती कदाचित लाखो वर्षे जुनी असते. नवी म्हणजे दुर्मीळ: आवश्यक नाही, नमुने कमी असण्याचे कारण बहुधा शोधणाऱ्यांची संख्या कमी असणे हे असते. पंखझाकणे आखूड म्हणून रोव्ह बीटल उडत नाही: बहुतेक उडतात, खालचे पंख घडी घालून ठेवलेले असतात. शेपूट उचलतो म्हणजे नांगी मारतो: त्याला नांगीच नाही. पिडेरस हा रोव्ह बीटल चावल्याने कातडीवर फोड येतात: चावल्याने नव्हे, तो अंगावर चिरडला गेल्यावर बाहेर पडणाऱ्या पिडेरिन या विषामुळे, म्हणून त्याला चिरडू नये, फुंकर मारून उडवावे.

मुख्य गैरसमज मात्र थोडक्यात सोडून देण्यासारखा नाही, कारण त्याची किंमत मोजावी लागते. शोध जंगलात लागतो असे मानले की मोहिमेला दाद मिळते आणि टाचणीवरचा नमुना जपणारे, तो ताडून पाहणारे लोक अडगळीत जातात. नमुने साठत राहतात, नावे रखडतात. आणि नाव नसलेल्या कीटकाला संरक्षण यादीत सहसा जागा मिळत नाही. तेव्हा नव्या प्रजातीची बातमी वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात: होलोटाइप कुठे ठेवला आहे, तुलना कोणत्या प्रजातींशी केली आणि वर्णन कुठे छापले. एवढे असेल तर दुसऱ्या कोणालाही तो दावा तपासता येतो, खोडताही येतो. एवढे नसेल तर सोबत छापलेला फोटो कितीही देखणा असो, प्रजाती अजून सापडायचीच आहे.