उत्तरेच्या उजेडाची शाळा

ग्लासगोची कलाशाळा १८४५ साली निघाली ती चित्रकार घडवण्यासाठी नव्हे. फ्रेंच कापड आणि भांडी नक्षीच्या बळावर बाजार मारत होती, म्हणून ब्रिटिश सरकारने औद्योगिक शहरांत ‘स्कूल ऑफ डिझाइन’ काढायला सुरुवात केली. त्यांतलीच ही एक. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये स्थिरावलेल्या याच शिक्षणपद्धतीतून पुढे जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आले आणि विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत राहिले. आराखडे गिरवून घेणारी शिस्त दोन्हीकडे होती. ग्लासगोला ती शिस्त सैल करणारा माणूस १८८५ साली मिळाला, फ्रान्सिस न्यूबेरी.

मुख्याध्यापक झाला तेव्हा न्यूबेरी तिशीचा होता. दिवसा कारखान्यांत आणि कचेऱ्यांत राबणारी मुलं संध्याकाळच्या वर्गाला येत, मुली दिवसाच्या वर्गाला. त्याची पत्नी जेसी हिने १८९४पासून भरतकामाचा वर्ग चालवला आणि सुईदोऱ्याला चित्रकलेच्या बरोबरीने बसवलं. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश आणि हर्बर्ट मॅकनेअर हे संध्याकाळचे विद्यार्थी, तर मार्गारेट आणि फ्रान्सिस मॅकडोनाल्ड या बहिणी दिवसाच्या. चौघांच्या कामातलं साम्य न्यूबेरीनेच हेरलं आणि त्यांची गाठ घालून दिली. पुढे या चौघांतच दोन लग्नं झाली. १९०० साली व्हिएन्नाच्या सेसेशन प्रदर्शनात या चौघांचं काम झळकलं. मुख्याध्यापकाची नजर काय करू शकते, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

नव्या इमारतीसाठी १८९६ साली स्पर्धा झाली. पैसा बेताचा होता, म्हणून साधी, टिकाऊ इमारत हवी अशी अट होती. हनीमन अँड केपी या कंपनीच्या नावाने निवडला गेलेला आराखडा तिथे नोकरी करणाऱ्या मॅकिंटॉशचा होता. त्याचं वय अठ्ठावीस. पैसे पुरले नाहीत, तेव्हा १८९९ साली पूर्वेकडची अर्धीच इमारत उघडली. त्या वेळी खऱ्या रचनाकाराचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नाही. उरलेला भाग १९०७ ते १९०९मध्ये झाला. मधल्या वर्षांत मॅकिंटॉश इतका पुढे गेला होता की पश्चिमेची बाजू त्याने नव्याने आखली. एकाच इमारतीत एका माणसाची वाढ वाचता येते, ती यामुळे.

इमारत ज्या गार्नेटहिल टेकडीवर उभी राहिली, तिचा उतार दक्षिणेकडे तीव्र आहे. त्या बाजूने पाहिलं की इमारत जुन्या स्कॉटिश किल्ल्यासारखी उभी दिसे. रेनफ्रू स्ट्रीटवरची उत्तरेची बाजू मात्र जवळजवळ सगळी काचेची. चित्र काढताना सावली हलू नये म्हणून चित्रकाराला उत्तरेचा स्थिर उजेड लागतो. खिडक्यांचा आकार ठरला तो त्यावरून. खिडक्यांबाहेर घडीव लोखंडाचे वळणदार हात पुढे आलेले होते, टोकाला कळीसारखे गुंफलेले. वरवर पाहता निव्वळ शोभा, पण काचा पुसणाऱ्याची फळी टेकायची ती त्यांच्यावरच. मॅकिंटॉशच्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. सफाई कामगाराची गरज त्याने नक्षीच्या पातळीवर नेली.

पश्चिमेकडचं ग्रंथालय हा या वास्तूचा कळस होता. गडद रंगवलेले उंच लाकडी खांब, त्यांच्यापासून मागे सरकवलेला सज्जा, दोहोंना जोडणाऱ्या जोडतुळया. सज्ज्यापाशीच्या लाकडी गजांना खाचा पाडून त्यांत रंग भरलेले होते. मधोमध धातूच्या दिव्यांचा झुबका लोंबत असे. उंच खिडक्यांतून येणारा उजेड खांबांमधून तुटत तुटत खाली उतरे.

मुलांच्या श्वासाचीही तजवीज होती. तळघरातले पंखे भिंतींच्या पोटातल्या पोकळ मार्गांनी गरम हवा वर ढकलत. पुढे पंखे बंद झाले, मार्ग राहिले. २३ मे २०१४ रोजी, वार्षिक प्रदर्शनाची तयारी चालू असताना, तळघरात फोमच्या डब्यातला वायू प्रोजेक्टरच्या उष्णतेने पेटला आणि आग त्याच मार्गांनी वर चढली. ग्रंथालय जळून गेलं. अग्निशमन दलाच्या जवानांनी बाकीची बरीच इमारत वाचवली.

नंतरची चार वर्षं मला या इतिहासातला सर्वांत उजळ भाग वाटतात. राखेचा ढिगारा पुरातत्त्वाच्या उत्खननासारखा चाळला गेला. दिव्यांचे वाकलेले तुकडे वेचून जोडले. ग्रंथालय ओकचं आहे अशी समजूत होती. तपासात त्यातलं बरंचसं लाकूड अमेरिकन ट्यूलिपवूड निघालं. सुतारांनी मॅकिंटॉशचे सांधे पुन्हा हाताने बसवले. काम संपत आलं असताना, १५ जून २०१८च्या रात्री, दुसरी आग लागली. या वेळी दगडी भिंती तेवढ्या उरल्या. जवळपास साडेतीन वर्षांच्या तपासानंतरही कारण निश्चित करता आलं नाही, इतका पुरावा जळाला होता.

इमारत पुन्हा हुबेहूब बांधली तर ती नक्कल होईल, असं अनेक जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. मॅकिंटॉशने स्वतः तिथे खिळा ठोकला नव्हता. त्याचं काम आराखड्यात होतं आणि ग्लासगोच्या कारागिरांनी ते उभं केलं. आराखडे आहेत, पहिल्या आगीनंतर घेतलेली बारकाईची मोजमापं आहेत, आणि ते सांधे बसवणारे सुतारही आहेत. संस्थेने २०२१ साली इमारत मूळ रूपात उभारण्याच्या बाजूने कौल दिला. विम्याचे वाद, पैसा आणि वेळ यांत हे काम अडखळत राहिलं आहे. उशीर जितका लांबेल, तितकी या कारागिरांच्या हातातली विद्या विरळ होत जाईल.