जागा पाहून नाव

घरी कुणाला गुड्डू म्हणतात, तर कुणाला मुन्नी. शाळेच्या हजेरीपटावर मात्र पूर्ण नाव असते. गुणपत्रिकेवर 'मुन्नी' एवढेच छापले, तर ती पुढे कुठे चालेल? जागा पाहून नाव वापरावे लागते. ही गोष्ट संगणकालाही शिकवता येते. कशी, ते पाहू या.

संगणकाचे मोठे प्रोग्राम अनेक जण मिळून लिहितात. कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ठेवावी लागते. हे काम 'गिट' नावाचे सॉफ्टवेअर करते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. गिटमधील नोंदीला 'कमिट' म्हणतात. तिच्यात बदल करणाऱ्याचे नाव, ईमेल आणि वेळ असते.

प्रत्येक नोंदीला साधारणपणे ४० अक्षरे व अंकांची एक खूण मिळते. ही खूण नोंदीतील माहितीवरूनच तयार होते. त्यामुळे नंतर नाव बदलले, की खूणही बदलते. एवढेच नव्हे, तर त्यापुढील सर्व नोंदींच्या खुणा बदलतात. शिवाय जुन्या नोंदींच्या प्रती इतरांच्या संगणकांवर राहतातच. म्हणून नाव आधीच बरोबर हवे.

समजा, एक तरुणी कचेरीचे काम आणि स्वतःचे काम एकाच संगणकावर करते. तिचे दोन ईमेल आहेत. गिट मात्र तिच्या मुख्य फोल्डरमधील सेटिंगची फाइल वाचते आणि तिथला एकच ईमेल सगळीकडे लिहिते. घाईत कचेरीच्या कामावर घरचा ईमेल पडतो. मग हे काम कोणाचे, असा प्रश्न उभा राहतो.

२०१७ साली गिटच्या २.१३ आवृत्तीत यावर सोय झाली. तिचे नाव 'इन्क्लूडइफ'. म्हणजे 'अट जुळली, तर ही फाइलही वाच.' संगणकात प्रत्येक फोल्डरला पत्ता असतो. त्याला 'पाथ' म्हणतात. ती तरुणी कचेरीची सर्व कामे 'ऑफिस' या फोल्डरमध्ये ठेवते. कचेरीचा ईमेल एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिते. मग मुख्य फाइलमध्ये सूचना देते : 'काम ऑफिस फोल्डरच्या आत असेल, तर ती दुसरी फाइल वाच.'

येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, ही सूचना नेहमीच्या ईमेलच्या खाली लिहावी. कारण गिट फाइल वरून खाली वाचते आणि शेवटी वाचलेले धरते. दुसरी, पाथच्या शेवटी तिरकी रेघ द्यावी. रेघ दिली, की आतील सर्व फोल्डर अटीत येतात. ती राहिली, तर आतल्या कामांना अट लागू होत नाही. विशेष म्हणजे, गिट चूक दाखवत नाही. मुकाट्याने जुनाच ईमेल लिहिते. म्हणून पहिली नोंद करण्यापूर्वी 'कोणता ईमेल धरला आहेस?' असे गिटला विचारून घ्यावे.

आपल्या कामावर आपले योग्य नाव असावे, हा आपला हक्क आहे. ते नीट लिहिले आहे की नाही, हे पाहणे ही आपली जबाबदारी आहे.

प्रश्न
१. कमिटमध्ये कोणकोणती माहिती असते?
२. मागच्या नोंदीतील नाव बदलणे अवघड का असते?
३. सूचना नेहमीच्या ईमेलच्या खाली का लिहावी?