पाळी सहावीत, धडा दहावीत

जुलै २०२५. ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरात एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. डाग कुणाचे हे शोधायला पाचवी ते दहावीच्या मुलींना एकत्र बोलावून डागांचे फोटो पडद्यावर दाखवण्यात आले. पाळी कुणाची चालू आहे, अशी विचारणा झाली. ज्यांनी ‘नाही’ म्हटलं, त्यांतल्या काहींची कपडे उतरवून तपासणी झाल्याची तक्रार पालकांनी केली. संतप्त पालक शाळेवर धडकले, पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला आणि मुख्याध्यापिकेसह दोघींना अटक झाली.

शरीराची ओळख आधी मोठ्यांना करून द्यायला हवी, हे त्या दिवशी शहापूरनं दाखवून दिलं.

मुलींना साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी येते. काहींना दहाव्या-अकराव्या वर्षीच. पहिली एक-दोन वर्षं ती अनियमित असते, म्हणजे भर वर्गात गणवेशाला डाग पडणं अगदी स्वाभाविक. मुलग्यांचा आवाज फुटतो, झोपेत वीर्यस्खलन होतं आणि आपल्याला काही आजार जडला या धास्तीनं ते गप्प होतात. राज्य मंडळाच्या पुस्तकात ऋतुचक्राचा सविस्तर धडा येतो तो मात्र दहावीच्या विज्ञानात.

महाराष्ट्राला लैंगिक शिक्षणाचा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले; १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले. तरीही २००७ मध्ये केंद्र सरकारचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम राज्यात थांबवण्यात आला. मुलं बिघडतील, ही भीती जुनीच होती. जगभरच्या अभ्यासांचा आधार घेऊन युनेस्को मात्र सांगते की, अशा शिक्षणानं मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत.

शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीसारख्या गावात, तिथून मुरबाडपर्यंतच्या पाड्यांवर या शिक्षणाची निकड अधिक आहे. इथली कितीतरी आदिवासी मुलं आश्रमशाळेत राहतात. पहिली पाळी येते तेव्हा आई जवळ नसते. लग्नंही लवकर होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. अठराखालच्या मुलीशी संबंध हा पोक्सोत गुन्हा आहे, मग तिची संमती असो वा नसो. ज्या वयाच्या मुलामुलींना हा कायदा लागू होतो, त्यांना तो समजावून सांगायलाच हवा.

साधनं कागदावर आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून १० ते १९ वयोगटासाठी सुरू आहे, त्यात सरकारी आरोग्यकेंद्रांमधली ‘मैत्री’ क्लिनिक येतात. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे शिक्षण नववीची वाट न पाहता लहान वयातच सुरू करावं, असं म्हटलं.

आता हवं ते वेळापत्रक. सुरुवात पाचवीपासून व्हावी. वर्गात नाव न लिहिता चिठ्ठी टाकायला पेटी असावी. मुलग्यांनाही पाळीबद्दल सांगावं आणि आश्रमशाळेच्या अधीक्षिकांना आधी प्रशिक्षण मिळावं. आणि हे सारं पहिल्याच सत्रात उरकावं, कारण दिवाळीनंतर कातकरी आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि त्यांची मुलंही सोबत जातात.